झोपेचा साक्षीदार

३ मार्च

मायना काय लिहावा हे ठरवण्यात एक कागद फुकट गेला. पूर्वी लिहायचो ते आता शोभत नाही, आणि 'महोदया' लिहिलं तर तू पुढचं न वाचताच फाडशील. म्हणून मायना सोडून देतो. पत्र कुणाचं आहे ते अक्षरावरून कळलंच असेल.

फोन का केला नाही हे तुला माहीत आहे. फोनवर तू दुसऱ्या वाक्याला चिडतेस आणि मी तिसऱ्या वाक्याला फोन ठेवतो. पत्रात निदान समोरच्याचं बोलून होईपर्यंत थांबावं लागतं. तू आता राहतेस त्या तुझ्या ताईच्या नव्या घराचा पत्ता चिऊने दिला. लेकीवर रागावू नकोस. आधी कारण विचारलं, मगच दिला.

कारण असं. आमची दरवर्षीची तपासणी झाली. क्रेन चालवणाऱ्यांचे डोळे, कान, रक्तदाब बघून कागदावर शिक्का मारतात, ती. या वेळी शिक्का राखून ठेवलाय, काम मात्र तूर्त थांबवलेलं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या दोनाच्या तीन झाल्या, तरी तो खाली यायचं नाव घेत नाही. कंपनीच्या डॉक्टर नवीन आहेत. वयाने चिऊपेक्षा थोड्याच मोठ्या असतील, पण बोलणं मुख्याध्यापिकेचं. त्यांनी माझ्या गळ्याभोवती टेप लावली. मी म्हटलं, "सदरा शिवताय का?" त्या हसल्या नाहीत.

"घोरता का?"

"लोक म्हणतात."

"कोण लोक?"

"शेजारी. भिंतीवर ठोकतात."

"सकाळी उठल्यावर डोकं जड? तोंडाला कोरड? रात्री लघवीला उठावं लागतं?"

मी तिन्हीला हो म्हटलं आणि वर म्हटलं, की या वयात हे चालायचंच. बाकी झोपेची तक्रार नाही, पाठ टेकली की ढाराढूर झोपतो. एवढा घोरतो म्हणजे झोप गाढच असणार.

"उलटही असू शकतं," त्या म्हणाल्या. "झोपेत श्वास थांबतो का तुमचा?"

"झोपेत मी झोपलेला असतो. मला कसं कळणार?"

"म्हणूनच विचारतेय. जवळ कोण झोपतं?"

"कुणी नाही."

"मग आधी कोण झोपायचं?"

म्हणून हे पत्र. एवढंच सांग, की मी नुसता घोरायचो की आणखी काही व्हायचं. तुला आठवत असेल तसं लिही. भीडभाड नको, तशी तुला ती कधी नव्हतीच. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

कामावर ठीक चाललंय. इमारत बरीच वर आली आहे. केबिनमधून माणसांच्या फक्त टोप्या दिसतात, पिवळ्या कामगारांच्या, पांढऱ्या साहेबांच्या. चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे कुणाशी वाकडं यायचा प्रश्न नाही.

मी


१९ मार्च

तुझं पत्र आलं. तू उत्तर देशील असं वाटलं नव्हतं, आणि दिलंस तर चार ओळी खरडशील असं वाटलं होतं. दोन्ही अंदाज चुकले.

डॉक्टरांना ते वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि एका भागाची झेरॉक्स काढून माझ्या फाइलला लावली. म्हणाल्या, "माझ्या छापील प्रश्नांपेक्षा हे कितीतरी बरं आहे." तो भाग तुझाच, पण तुला पुन्हा लिहून दाखवतो. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या अक्षरात वाचलं की वेगळं वाटतं.

'तुमच्या घोरण्याचा मला त्रास कधीच झाला नाही. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकू येत नाही. गिरणी बंद पडली की मात्र तो दचकून उठतो. तुमचं तसं व्हायचं. घोरता घोरता एकदम सगळं बंद. छाती वरखाली होतेय, पण श्वास आत जात नाहीये. मी वाट बघायची. आता येईल, मग येईल. नाही आला की कोपराने ढोसायची. मग तुम्ही मोठा आचका द्यायचात, कूस बदलायचात आणि पुन्हा गिरणी सुरू. रात्रीत कितीदा ते विचारू नका. सकाळी एकदा सांगितलं तर म्हणालात, श्वास थांबला असता तर चहा प्यायला बसलो असतो का? सगळे हसले. मीसुद्धा हसले.

'मी भिंतीकडे तोंड करून झोपते म्हणजे रुसलेय, असं तुम्ही ताईला सांगितलं होतंत. माझा डावा कान अधू आहे, हे तुम्ही विसरलात. भिंतीकडे तोंड केलं की उजवा कान वर राहायचा.'

डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली आहे. इस्पितळात एक रात्र झोपायचं, अंगाला तारा लावतात, आणि श्वास किती वेळा अडतो ते मशीन लिहून घेतं. मी म्हटलं, सध्या काम ऐन भरात आहे, वरचे मजले होऊ देत. तपासणीत काही निघालं तर केबिनमधून उतरावं लागेल, हे मलाही कळतं आणि त्यांनाही. गेली कित्येक वर्षं मी वर बसून काम केलं आहे. खाली मला काय येतं?

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, 'कामावर काय झालं? तुम्ही सुखासुखी मला पत्र लिहिणारे नाही.' काही झालेलं नाही. मागच्या महिन्यात माल वर घेताना वाऱ्याने जरा हलला, एवढंच. शिट्टीच्या मनगटाला प्लॅस्टर आहे, तेही निघेल लवकरच. शिट्टी तुला आठवत असेल. खालून मला इशारे देतो तो. हातात वॉकीटॉकी यायच्या आधी शिट्टी वाजवून द्यायचा, तेव्हापासून हेच नाव पडलं.

मी


४ एप्रिल

तुझं कार्ड मिळालं. एका कार्डावर एकच ओळ लिहून पाठवणारी तू पहिलीच असशील. 'वाऱ्याने मनगट कसं मोडतं?' पोस्टमनने वाचलं असणार. देताना माझ्या दोन्ही मनगटांकडे बघत होता.

लिहितो. वाचून झाल्यावर फोन मात्र करू नकोस.

दुपारची जेवणं झाली होती. केबिनच्या काचेतून ऊन सरळ मांडीवर येत होतं. सळयांचा भारा उचलला होता आणि तो वळवून वरच्या मजल्यावर टेकवायचा होता. हे काम मी झोपेतही करेन असं म्हणत आलो आहे. शिट्टी त्याच मजल्यावर उभा होता, कानात त्याचा आवाज होता. "ये, ये, ये... सावकाश... ये." त्यानंतर "थांब" यायला हवं. ते आलंच असणार. मला ऐकू आली ती एकदम "दादा!" अशी किंकाळी.

मधलं मला माहीत नाही. हात दांड्यावर होता. डोळे उघडे होते असं मला वाटतं, पण मला तर रात्री झोपतो असंही वाटत होतं.

मजल्याच्या कडेला परांची बांधलेली होती आणि तिच्यावर दोन गवंडी होते. भारा टेकायच्या जागेवरून पुढे गेला. एक गवंडी आपणहून आडवा पडला. दुसऱ्याची पाठ होती, त्याला शिट्टीने कॉलर धरून मागे ओढलं. भाऱ्याचं टोक परांचीच्या पाइपला खरवडत गेलं. त्याचा आवाज वरपर्यंत येत नाही, पण दांड्यातून हाताला कळतो. मी थांबवलं. ओढताना शिट्टी पडला आणि मनगट मोडलं. बाकी कुणाला काही झालं नाही. 'काही झालेलं नाही' असं मी जे तुला लिहिलं, ते या अर्थाने.

साहेब धावत आले. मी शिडीने खाली उतरलो तेव्हा ते विचारत होते, "वारा आला ना एकदम?" शिट्टी हात पोटाशी धरून बसला होता. तो म्हणाला, "हो साहेब, वारा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाऱ्याचं नाव मी घेतलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. क्रेनच्या शेंड्यावर वाऱ्यासाठी फडकं बांधलेलं असतं. ते त्या दिवशी ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. मान वर करून बघायचं कुणाला सुचलं नाही.

'डोळा लागला' असं लिहिलं की बरं वाटतं. जणू डोळ्याने काही केलं, आपला संबंध नाही. भाषेत फार सोयी आहेत. मी झोपलो होतो. माझ्या हाताखाली माणसं होती आणि मी झोपलो होतो.

हे शिट्टीला माहीत आहे, मला माहीत आहे आणि आता तुला.

मी


२१ एप्रिल

'तुम्ही डॉक्टरांना सांगा, नाहीतर मी सांगते, कंपनीचा पत्ता मला पाठ आहे' हे तुझं पत्र सोमवारी आलं. मी शुक्रवारीच सांगितलं होतं. ही नोंद करून ठेव, कारण तुझ्याआधी मी काही केलं असं फारसं घडत नाही.

झालं असं. प्लॅस्टर बांधलेल्या हाताने शिट्टी कामावर परत आला. बसून करायचं काम दिलंय त्याला. मी केबिनकडे निघालो तर शिडीच्या तळाशी विटांच्या थप्पीवर बसला होता.

"दादा, वारा पडला का?"

"कुठला वारा?"

"तोच. त्या दिवशीचा."

तो हेल्मेटचा पट्टा काढत-घालत बसला.

"मी खोटं बोललो त्याचं मला काही नाही," तो म्हणाला. "तुम्ही खाली आलात की वर नवा माणूस येणार. त्याच्या हाताची मला सवय नाही, तुमच्या हाताची आहे. पण ज्याला ओढला ना, तो गवंडी रोज मला हात जोडतो. मला म्हणतो, तू होतास म्हणून. मला नाही ऐकवत ते. उद्या माझं तोंड दुसरीकडे असलं तर?"

"उद्या मी जेवून येणार नाही," मी म्हटलं. "रिकाम्या पोटी झोप येत नाही."

"हे तुम्ही माझ्याकडे बघून बोला."

मी शिडीचा पहिला दांडा धरला होता. तो सोडला आणि तसाच दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. "आजपासून वर जायचं नाही," म्हणाल्या, आणि फोन उचलला. साहेब मात्र ओरडले, आणि ते बरोबरच होतं. नोकरी जाणार अशी मी तयारी ठेवली होती. दोन दिवस त्यांनी मला ताटकळत ठेवलं. शेवटी अपघाताचा कागद नव्याने लिहिला, त्यावर माझी सही घेतली आणि मला गोदामात बसवलं. बोल्ट, हातमोजे, दोरखंड द्यायचे-घ्यायचे. "डॉक्टरीणबाई लिहून देतील तेव्हा वरचं बघू. नाही दिलं तर इथेच," साहेब म्हणाले. शिट्टीलाही ठेवून घेतलं. वारा कुठला, असं त्याला पुन्हा कुणी विचारलं नाही.

तपासणीही झाली. डोक्याला, छातीला, पायाला तारा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी. एवढ्या जामानिम्यात कोण झोपणार असं म्हणत होतो, तेवढ्यात झोपलो. सकाळी तिथल्या बाईंनी तारा काढता काढता विचारलं, "काका, कशी लागली झोप?" मी म्हटलं, "छान." त्या म्हणाल्या, "तुम्ही रात्रभर जागे होत होतात."

आमच्या डॉक्टरांनी ते नीट समजावलं. झोपलं की घशातले स्नायू सैल पडतात. माझ्या घशात जागा कमी आहे, त्यात मान जाड, त्यामुळे वाट मिटते. हवा आत जात नाही. मेंदू घाबरून जागं करतो, वाट उघडते, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा मिटते. एकेका तासात कितीतरी वेळा. "तुम्हाला सकाळी यातलं काही आठवत नाही," त्या म्हणाल्या, "पण हृदयाला आठवतं." तीन-तीन गोळ्या घेऊन रक्तदाब का उतरत नाही तेही यात आलं. दिवसा गोळ्यांनी उपसायचं आणि रात्रीने पुन्हा भरायचं. असंच अंगावर काढलं असतं तर हृदयविकार, पक्षाघात, काहीही दारात उभं होतं. आणि मी क्रेनवर होतो म्हणून कळलं. घरी बसणाऱ्याला तर वय झालं असंच वाटत राहतं.

उपाय आहे. नाकावर मुखवटा बसवून झोपायचं. त्याला नळी, नळीला मशीन. मशीन हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवतं. शिवाय वजन उतरवायचं, पण उतरेपर्यंत मशीनसाठी थांबायचं नाही. उताणं झोपायचं नाही. संध्याकाळी मी झोप यावी म्हणून दोन पेग घेत होतो, हे तुला चिऊने सांगितलं असेलच. त्याने घसा आणखी सैल पडतो. म्हणजे मी रोज औषध म्हणून दुखणंच पीत होतो. ते बंद केलं. सोडताना फार काही वाटलं नाही, फक्त संध्याकाळ लांबली. म्हणून चालायला जातो.

मी


३० मे

मशीनशी पहिले काही दिवस माझं तुझ्यापेक्षाही पटलं नाही. मुखवटा नाकाच्या हाडाला काचतो. नळी गळ्याभोवती येते. आरशात बघितलं तर खोल पाण्यात उतरणारा माणूस दिसतो. मध्येच ओढून फेकायचो. डॉक्टर म्हणाल्या, "फेकलात तरी मला कळतं, मशीन आत लिहून ठेवतं." मग मापाचा दुसरा मुखवटा दिला, तो बसला.

आणि एका सकाळी उठलो तर डोकं दुखत नव्हतं. इतकी वर्षं ते रोज दुखायचं, आणि दुखतंय हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, सकाळ म्हणजे असंच असतं. तसाच पलंगावर बसून राहिलो. शेजारच्यांनी दार वाजवलं. "बरे आहात ना? कालपासून आवाज नाही." त्यांना मशीन दाखवलं. ते बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "आमच्या सासऱ्यांनाही... कुठे मिळतो पत्ता?" डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

रक्तदाब उतरायला लागला आहे. गोदामात दुपारी पेपर वाचतो आणि तो हातातून पडत नाही.

मधल्या एका पत्रात मी तुला जे लिहिलं, की चिऊच्या नाटकात मी झोपलो, पाहुण्यांसमोर झोपलो, तू काही महत्त्वाचं सांगत असताना झोपलो, ते सगळं या दुखण्यापायी होतं, आणि हे आधी कळलं असतं तर आपलं इथवर आलं नसतं, त्याचं तू दिलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे. 'सगळं खापर झोपेवर फोडू नका. जागे असायचात तेव्हा तरी कुठे ऐकायचात?' मी यावर बराच विचार केला. रागाने नाही. काही गोष्टी झोपेच्या होत्या, काही माझ्या. नेमकी रेघ कुठे मारायची ते मला समजत नाही. तुलाही समजत नसेल. राहू दे तसंच.

पण आता एक विचारतो. त्याच पत्रात तू जाता जाता लिहिलं आहेस, 'तुम्हाला झोप लागायला लागली ते बरं झालं, मला अजून लागत नाही. खोलीत आवाज नसला की जाग येते.' तेव्हा मी ते वाचून पुढे गेलो. रविवारी चिऊ आली होती. पडद्यांच्या दुकानात शिवताना मशीनची सुई तुझ्या बोटातून आरपार गेली, हे तिने सांगितलं. तिला वाटलं मला माहीत आहे. ताई म्हणते, तू दिवसा बसल्या बसल्या पेंगतेस, जिना चढताना धाप लागते, आणि दवाखान्याचं नाव काढलं की 'मला काय धाड भरलीय' म्हणतेस.

कामावर काय झालं? आता हा प्रश्न मी विचारतो. तू सुखासुखी सुईखाली बोट घालणारी नाहीस.

डॉक्टरांना तुझ्याबद्दल सांगितलं. विचारल्याशिवाय सांगितलं, त्याबद्दल रागावायचं तर रागाव. त्या म्हणाल्या, एवढी वर्षं रात्री कान लावून काढलेल्या बाईचं शरीर एकदम पहारा सोडत नाही. पण नुसतं तेच असेल असं धरून चालू नका. रक्त तपासा, रक्तदाब बघा, थायरॉइड बघा. दुसऱ्या कुणाच्या झोपेच्या गोळ्या उसन्या घेऊ नका. रोज उठायची वेळ एकच ठेवायची, दुपारनंतर चहा नको. पलंगावर पडून झोपेची वाट बघत तळमळायचं नाही, उठून बसायचं, पेंग आली की पुन्हा जायचं. मी सगळं उतरवून घेतलं. माझ्या वेळी तू कंपनीचा पत्ता पाठ असल्याची धमकी दिली होतीस. मला तुझ्या दुकानाचा पत्ता पाठ नाही, पण चिऊला आहे.

मी


२८ जुलै

तू काल दुपारच्या गाडीने गेलीस आणि आज लगेच पत्र लिहितोय, हे विचित्रच आहे. पण समोर असताना जे बोलायचं ते राहिलं. आपलं बोलणं पत्रातच बरं होतं, हे आता दोघांनाही मान्य असावं.

आधी हकिगत. डॉक्टरांनी लिहून दिलं आणि मला पुन्हा केबिन मिळाली, हे तुला सांगितलंच. मात्र मशीनच्या नोंदी दर महिन्याला दाखवायच्या, आणि एखाद्या दिवशी पेंग वाटली तर त्या दिवशी वर जायचं नाही, असं ठरलंय. मागच्या आठवड्यात एकदा मी स्वतःहून गेलो नाही. खोकल्याने रात्र गेली होती. साहेबांनी तोंड वाकडं केलं आणि दुसरा माणूस चढवला. संध्याकाळी शिट्टीने माझा डबा धुवून आणून दिला, जे त्याने जन्मात केलं नव्हतं.

तुझं रक्त कमी निघालं आणि रक्तदाब थोडा जास्त, हे तू परवा आल्या आल्या चपला काढताना सांगितलंस, जसं काही गाडीला गर्दी होती हे सांगतेस. गोळ्या चालू केल्या आहेत हेही सांगितलंस. बरं केलंस.

तू शिलाई मशीन न्यायला आलीस, आपण ते खाली उतरवलं, पावसाने गाड्या रद्द झाल्या आणि आपण ते पुन्हा वर चढवलं. मी बाहेरच्या खोलीत झोपलो, तू आत. दार तू ओढून घेतलंस, कडी लावली नाहीस. माझ्या मशीनचा आवाज होतो का, असं मी बाहेरून विचारलं. "फ्रिजइतका," तू म्हणालीस. त्यानंतर तुझा आवाज आला नाही.

सकाळी मी उठलो, फिरून आलो, चहा केला. तुझ्या दारातून हाक मारणार होतो. मारली नाही. शेजाऱ्यांच्या पोराने जिन्यात चेंडू आपटायला सुरुवात केली, त्याला खाली पाठवला. तुझा चहा मी प्यायलो, मग दुसरा केला, तोही मीच प्यायलो. मग खुर्ची दाराजवळ घेऊन बसलो. पेपर हातात होता. काय वाचलं ते आठवत नाही.

उन्हं चांगली वर आल्यावर तू बाहेर आलीस. घड्याळ बघितलंस आणि माझ्यावर खेकसलीस. "मला उठवलं का नाही? पहिली गाडी गेली ना माझी!" मी म्हटलं, "पुढची आहे." तू म्हणालीस, "मी एवढा वेळ कधी झोपत नाही." केसांचा बुचडा बांधत तू आरशात बघत होतीस आणि डाव्या गालावर उशीची वळी उमटली होती. मी आणखी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू दुसऱ्या वाक्याला चिडली असतीस.

मग शिलाई मशीन रिक्षात ठेवलं, तू त्याच्या शेजारी बसलीस आणि गेलीस. ते न्यायलाच हवं होतं. तिथे काम तुझं आहे.

पण तुझ्या डॉक्टरांनी तुलाही तोच प्रश्न विचारला असेल, जो मला विचारला होता. जवळ कोण झोपतं म्हणून. तू 'कुणी नाही' म्हणाली असशील. तर पुढच्या वेळी जाशील तेव्हा त्यांना हे दाखव, मी लिहून देतो.

पेशंट घोरते. हळू घोरते, तिला ते मान्य होणार नाही. डाव्या कुशीवर झोपते. श्वास कुठेही थांबत नाही. मी बराच वेळ ऐकलं.